खसखशीएवढा काळा ठिपका

रास अल खैमाच्या त्या खोलीत आम्ही सहा जण राहत होतो आणि सहाही जणांचं पोट बशीरच्या हातात होतं. बशीर केरळचा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, लग्न झालेला, गावी दोन मुली. कारखान्यात त्याचं काम ग्लेझचं, भांड्यांना चकाकी चढवायचं, आणि खोलीवर स्वयंपाकाचं. तशा पाळ्या लावलेल्या होत्या, पण माझ्या पहिल्याच पाळीला मी डाळ अशी करपवली की पातेलं फेकून द्यावं लागलं. तेव्हा बशीरनं माझ्या हातातला डाव काढून घेतला, तो कायमचाच. जाड लाल तांदळाचा भात आणि मासळीचं लालभडक कालवण. त्यात आंबटाला तो एक काळं, धुरकट वासाचं सुकं फळ घालायचा. मी घरून आईनं बांधून दिलेली आमसुलं आणली होती. पहिल्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी ती त्याच्यापुढे धरली. त्यानं एक उचललं, हुंगलं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला, "ये तो हमारे वाले का गरीब भाई है!" सगळे हसले. मी म्हटलं, "पहिले खाके देखो, फिर बोलो." त्यानं खाऊन बघितलं आणि बोटं चाटली. पुढच्या शुक्रवारपासून तर तो माझ्या ट्रंकेतलं गाठोडं न विचारता उघडायला लागला. आमची दोस्ती ही अशी झाली. दुसरं काही कारण नव्हतं.

खोलीत आवाज सतत असायचा. खिडकीतला एसी घरघरायचा, त्याच्याखाली डबा ठेवलेला, त्यात पाणी ठिबकायचं. बाहेरून सिमेंटच्या गाड्या जायच्या, की भांडी हलायची. पहाटेची अजान झाली की बशीर उठायचा, नमाज पढून चहा टाकायचा आणि आम्हाला पायानं ढोसायचा. "यल्ला, यल्ला, राजा लोग!" आता मी अल कुसैसला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. आठव्या मजल्यावर. सकाळी मुलगा जुमेरा लेक टॉवर्सला ऑफिसात जातो, सून तिच्या कामाला, नात शाळेत. दार लागतं आणि मग संध्याकाळपर्यंत फ्रिजचा आवाज. माझी बायको शालन होती तेव्हा ती दिवसभर काहीतरी बोलत असायची, मी वैतागायचो. म्हणायचो, बाई, जरा गप्प बस. ती जाऊन आता अकरा महिने झाले. आता सगळं गप्प आहे. घ्या.

तर कारखाना. चिनीमातीच्या प्लेटा, कप, बश्या. मी रंगकामाच्या खात्यात. सावंतवाडीच्या चितारआळीतला मुलगा म्हणून मला तिथं घेतलं. सातवीनंतर शाळा सोडली आणि काकांच्या हाताखाली लाकडी फळं रंगवायला बसलो. आंबा, वांगं, केळी, पेरू. लोक दिवाणखान्यात टोपलीत मांडून ठेवतात ती. काकांकडे शिकणं म्हणजे एकच गोष्ट होती, काका करतील तसं करायचं. आंब्याला आधी पिवळा, देठाकडे हिरवा, एका गालावर लाली. लाली दोन बोटं रुंद. अडीच झाली की पाठीत धपाटा. एकदा मी विचारलं, "काका, आपल्या परसातल्या आंब्याला तर लालीच नाय." काका म्हणाले, "तो झाडाचो आंबो. ह्यो चिताऱ्याचो. तुका झाड व्हायचा असा काय?" आणि सगळ्यात शेवटी, फळ पुरं झालं की, देठाच्या खाली, शोधल्याशिवाय दिसणार नाही असा, खसखशीएवढा एक काळा ठिपका. गालबोट. बाळाला लावतात तेच. काका म्हणायचे, निर्मळ वस्तूवर लोकांची नजर बसते, मग ती तडकते. गालबोट लावल्याशिवाय एकही फळ आमच्या दुकानातून बाहेर गेलं नाही. तो ठिपका लावला की काम संपलं, हात धुवायचे, जेवायचं. दहा वर्षं मी हेच केलं.

कारखान्यात मला आधी नुसत्या रेघा मारायला बसवलं. प्लेट चाकावर फिरते, ब्रश एका जागी धरून ठेवायचा, कडेला गोल रेघ आपोआप उमटते. दिवसभर तेच. श्वास रोखून रोखून छाती दुखायची. आमच्या खात्याचा मुख्य एक हैतीचा माणूस होता. आन्सेल्म त्याचं नाव. हैती कुठं आहे हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, अमेरिकेच्या खाली समुद्रात. काळा, उंच, गुडघे दुखायचे म्हणून खुर्चीवर उलटा बसणारा, पाठीच्या जागी छाती टेकून. कारखान्यात राहून त्यानं तोडकं हिंदी उचललं होतं, त्यात इंग्रजी घुसायचं आणि राग आला की त्याची स्वतःची बोली. ती कुणालाच कळत नसे, पण मान खाली घालायची एवढं कळायचं. मी त्याचं बोलणं इथं मराठीत लिहितोय.

त्याला माझ्या रेघा आवडल्या. एक दिवस दुपारच्या सुट्टीत त्यानं माझ्यापुढे एक कोरी प्लेट ठेवली. भाजलेली, पण ग्लेझ न चढवलेली, खडूसारखी पांढरी. म्हणाला, काहीही काढ. मी आंबा काढला. चांगला काढला. त्यानं बघितलं आणि विचारलं, "हा आंबा कुणाचा?" मी म्हटलं, काकांचा. त्यानं ओला स्पंज उचलला आणि पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरी प्लेट. मी वांगं काढलं. "हे कुणाचं?" पुन्हा स्पंज. तिसऱ्या दिवशी मी अर्धा तास प्लेटीसमोर बसलो आणि काहीच काढलं नाही. काय काढायचं हेच सुचेना. डोक्यात जे येई ते काकांचं. मला रडू यायला लागलं, चोवीस वर्षांचा घोडा मी. आन्सेल्म आला, कोरी प्लेट बघितली आणि म्हणाला, "आज पहिल्यांदा खरं बोललास."

मला त्याचा राग आला होता. मी विचारलं, मग तुम्हाला कुणी शिकवलं? तेव्हा त्यानं सांगितलं. त्याचा मामा बस रंगवायचा. त्यांच्याकडे प्रवासी बस म्हणजे नवरीसारखी नटवलेली, फुलं, देव, वाघ, काय वाटेल ते. हा त्याच्या हाताखाली शिकला. मग शहरात चित्रं काढायला लागला, तर बाहेरदेशची माणसं ती विकत घ्यायला यायची. त्याला हात काढता येत नसत. माणसाचे हात, पंजे, बोटं. त्याला शिकायचं होतं. पण ती माणसं म्हणायची, नको, नको, शिकू नकोस, तू न शिकलेला आहेस तेच सुंदर आहे. शिकलास तर बिघडशील. "म्हणून माझ्या सगळ्या जुन्या चित्रांत माणसांचे हात पाठीमागे आहेत," तो म्हणाला. "बाया झग्याच्या घोळात हात लपवतात. पुरुष खिशात घालतात. लोक म्हणायचे, काय गूढ आहे! गूढ कसलं? मला हात येत नव्हते." मग चाळिशीनंतर, स्वतःचा डावा हात समोर ठेवून, उजव्यानं तो काढायला शिकला. एकटाच. "मला म्हणाले, शिकू नको. तुला म्हणाले, नुसता शीक. दोघांनाही एकाच मालकानं बांधून ठेवलं रे सादा." सदा म्हणता येत नसे त्याला.

हे मला तेव्हा अर्धंच कळलं. आजही मी असं म्हणणार नाही की काका चुकले. काकांनी हात दिला. हात नसता तर आन्सेल्मनं माझ्याकडे बघितलंही नसतं. पण हात मिळाल्यावर त्यानं काय करायचं, ते काकांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझा मुलगा म्हणतो, बाबा, आता टाइम आहे, ड्रॉइंग करा. कागदाची वही आणि रंग आणून दिलेत, महागातले. नात म्हणते, "आजोबा, जस्ट ड्रॉ समथिंग!" ती लगेच काढते, काहीही. मांजर, अंतराळ, मला सुद्धा काढलं, तीन दातांचा. मी वही उघडतो, बंद करतो.

त्याच महिन्यात गावाहून वडिलांचं पत्र आलं. कुडाळची एक मुलगी बघितली होती. तिच्या वडिलांना गल्फचा जावई नको होता, तिकडे पोरं बांधकामावर मरतात म्हणाले. पण आमच्या वडिलांनी सांगितलं, आमचा पोरगा मजूर नाही, पेंटर आहे, कारखान्यात चित्रं काढतो. तेव्हा ते तयार झाले. पत्रात फोटो होता. ती शालन. कानाच्या पाळ्या मोठ्या, हसू दाबलेलं. बशीरनं फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाला, "लडकी अच्छी है. तेरे को डाल भी सिखाएगी." फोटो मी गादीखाली ठेवला.

मग एका मोठ्या हॉटेलची ऑर्डर आली. प्लेटीवर निळ्या फुलाची वेल, काळ्या देठाची. आन्सेल्मचं डिझाइन. आणि त्यानं रेघांवरून उठवून मला वेलीवर बसवलं. आम्ही चौघे जण होतो त्या कामाला. पहिल्यांदाच माझ्या हातून एक वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुरी व्हायची होती. पहिली प्लेट संपली. ब्रशात देठाचा काळा रंग उरला होता. आणि हात आपोआप गेला, तिसऱ्या पानाखाली, टिच. मी बघितलं. पुसता आलं असतं, ओला स्पंज शेजारीच होता. नाही पुसलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. इतके महिने आपण परक्या मुलखात परक्याच्या रेघा मारतोय, आणि इथं एवढंसं काहीतरी घरचं बसलंय. मग दुसऱ्या प्लेटीलाही लावलं, तिसऱ्या प्लेटीला मुद्दाम. नंतर आठवडाभर माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक प्लेटीला. कच्च्या रंगात तो धुळीच्या कणासारखा दिसायचा, कुणाच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी सकाळी प्लेटा भट्टीतून निघाल्या. निवडायच्या खोलीत माणसं दिव्याखाली बसून प्रत्येक प्लेट बोटाच्या पेरानं वाजवतात. चांगली असेल तर टण्ण असा लांब आवाज, तडकलेली असेल तर थड. आमच्या खात्यात तो आवाज दिवसभर ऐकू यायचा, देवळातल्या घंटेसारखा. त्या शनिवारी दहा वाजता तो थांबला. अचानक सगळीकडे शांत. मग धावपळ, मग मोठ्यानं बोलणं. चिनीमातीच्या धंद्यात काळ्या ठिपक्याइतकी वाईट गोष्ट नाही. मातीत किंवा ग्लेझमध्ये लोखंडाचा कण राहिला की भाजल्यावर काळा ठिपका उठतो, आणि मग ती प्लेट बाद. ग्लेझ म्हणजे प्लेटीवर चढवायचं काचेचं दूध. ते बारीक चाळणीतून गाळायचं आणि लोहचुंबकावरून सोडायचं, लोखंड धरून ठेवायला. ते चुंबक दर पाळीला साफ करायचं काम बशीरचं.

मॅनेजर आला. त्याला सगळे मुदीर म्हणायचे. त्यानं प्लेटा मांडायला लावल्या. काहींना ठिपका होता, काहींना नव्हता. मुदीर म्हणाला, बघा, म्हणजे चुंबक कधी साफ केलं, कधी नाही केलं. बशीर म्हणाला, "सर, मैं रोज करता, कुराण की कसम." मुदीर म्हणाला, कुराणाला मध्ये आणू नको, ठिपका समोर आहे. भट्टी थांबवली, ग्लेझची टाकी उपसली, चाळण्या उलगडून बघितल्या. कुठंच काही सापडेना, आणि सापडेना म्हणून बशीरच दोषी. सोमवारपर्यंत कारण नाही सापडलं तर त्याला कॅन्सल करणार, म्हणजे व्हिसा रद्द करून घरी. हे माझ्यासमोर झालं. मी चार पावलांवर उभा होतो, हातात ब्रश.

मी बोललो नाही.

शनिवारी बशीरनं स्वयंपाक केला नाही. खाटेवर बसून चुंबक साफ करायचं फडकं हातात घेऊन स्वतःशीच बोलत होता, पहिल्यांदा असं पुसलं, मग असं, मग पाण्यानं. मला विचारलं, "सदा, तू देखता था ना मेरे को? मैं करता था ना?" मी म्हटलं, "हां, करता था." तेवढं बोललो. बाकीच्यांनी दुकानातून खुबूसच्या रोट्या आणि अंडी आणली, मी पण खाल्ली. रविवारीही तेच. डोक्यात एकच चाललं होतं. बोललो तर मी कॅन्सल. मी कॅन्सल झालो की पेंटर नाही. पेंटर नाही की कुडाळचं लग्न नाही. गादीखालचा फोटो काढून बघायचो आणि परत ठेवायचो. बशीरला दोन मुली आहेत हे मला ठाऊक होतं, त्यांची नावंही ठाऊक होती. तरी.

सोमवारी सकाळी आन्सेल्म माझ्या टेबलापाशी आला, खुर्ची उलटी करून बसला. मांडीवर बाद झालेल्या तीन प्लेटा. एकेक माझ्यासमोर ठेवली, वेल सारखी येईल अशी फिरवून. तिन्हींवर ठिपका तिसऱ्या पानाखाली. लोखंड काही पान मोजून बसत नाही. मी खाली बघितलं.

"काय आहे हे?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. नजर, गालबोट, काका. मला वाटलं हसेल. तो हसला नाही.

"या प्लेटीवर वेल माझी आहे," तो म्हणाला. "रंग कंपनीचा आहे. यावर तुझं एवढंच आहे." ठिपक्यावर नख ठेवून. "चित्रकार चित्राखाली सही करतो ना? ही तुझी सही झाली. आता जा आणि तिच्या शेजारी उभा राहा."

"तुम्हीच सांगा ना मुदीरला. तुमचं ऐकतील."

"मी कशाला? सही माझी आहे काय?" आणि उठून गेला. प्लेटा तिथंच ठेवून.

दुपारी जेवणाची घंटा झाल्यावर मी मुदीरच्या केबिनमध्ये गेलो. बशीर तिथंच उभा होता, त्याचे कागद टेबलावर. मी सांगितलं, ठिपके मी लावले. मुदीरला पटेचना. त्याला वाटलं, मी दोस्ताला वाचवायला खोटं बोलतोय. "कोण माणूस चांगल्या प्लेटीला मुद्दाम डाग लावेल?" मग कोरी प्लेट आणि ब्रश मागवला. केबिनच्या दाराशी सगळं खातं जमलं. मी वेल काढली, चांगली आली, आणि तिसऱ्या पानाखाली ठिपका ठेवला. मुदीरनं बाद प्लेट शेजारी धरली. एकदा ही, एकदा ती बघितली. मग विचारलं, का? मी म्हटलं, "सर, नजर." आणि ते त्याला बरोबर कळलं. त्याच्या स्वतःच्या गाडीच्या आरशाला निळा डोळा टांगलेला होता. कळलं म्हणूनच तो जास्त भडकला. "तुझ्या घरी लाव! माझ्या प्लेटीला कोण नजर लावणार? खलास!" दारातले सगळे हसले. बशीर हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता आणि मला दिसत होतं की तो मोजतोय. शनिवार, रविवार, सोमवार.

मला कॅन्सल केलं नाही. आन्सेल्म आत जाऊन काहीतरी बोलला असावा, त्यानं मला कधी सांगितलं नाही. पण ब्रश बंद. मला पॅकिंगला टाकलं, प्लेटा कागदात गुंडाळून खोक्यात भरायच्या. पुढे तिथूनच स्टोअरला गेलो आणि स्टोअरमध्येच केस पांढरे झाले. गावी मी काही कळवलं नाही. सासऱ्याच्या लेखी मी लग्नापर्यंत पेंटरच होतो. बशीरनं त्याच संध्याकाळी चूल पेटवली. माझा भात काढून झाकून ठेवला, रोज ठेवायचा, कमी कधी केला नाही. पण मी बसलो की तो उठायचा. आमसुलं ट्रंकेतच राहिली, त्यांना कीड लागली. वर्षभरानं आन्सेल्म गेला. जाताना माझ्याशी हात मिळवला. माझा हात उलटा करून बघितला, पॅकिंगच्या कागदानं कापलेला, आणि सोडून दिला.

शालनला मी लग्नानंतर सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, ठिपके लावले, बशीरवर आलं, मी मुदीरसमोर उभा राहिलो, माझा ब्रश गेला. तिनं माझा हात धरला होता. "गेला तर गेला," म्हणाली, "माणूस वाचला ना." तिला फार अभिमान वाटला. पुढे ती इथं आली, मुलगा झाला, आणि ती ही गोष्ट सगळ्यांना सांगायची. शेजारणींना, गणपतीच्या कार्यक्रमात, मुलाला झोपवताना सुद्धा. तुझ्या बाबांनी एका माणसाचं घर वाचवलं. मी शेजारी बसून ऐकायचो. ते दोन दिवस मी कधी सांगितले नाहीत. कसे सांगणार? ते मी तिच्यासाठीच काढले होते.

एकदा तिनं हट्टानं बशीरला जेवायला बोलावलं. तो आला, मिठाईचा डबा घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. शालननं बांगड्याचं तिकलं, आमच्याकडचं घट्ट कालवण, केलं होतं. वाढता वाढता ती म्हणाली, "भाईसाब, इन्होंने आपके लिए कितना बड़ा काम किया, मैं सबको बताती हूँ." तिच्या हातात पळी तशीच होती. माझा घास तोंडात तसाच. बशीरनं माझ्याकडे बघितलं. फार नाही, भात कालवायला लागतो तेवढाच वेळ. मग म्हणाला, "हां भाभी. इसने बोला." आणि ताट पुढे केलं, तिनं अजून थोडं वाढलं, ते त्यानं सगळं संपवलं, स्वयंपाकाची तारीफ केली, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेला.

नंतर तो आमच्याकडे कधी आला नाही. शालन दर ईदला विचारायची, बशीरभाई येत का नाहीत हो? मी सांगायचो, ड्युटी असते.